आधी स्टेपनी काढा

मागून ठोकलेली जुनी गाडी दारात आली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "मिस्त्री, किती लागतील?" मी म्हणतो, आधी स्टेपनी काढा. फुटलेला बंपर, टेल लाइट, चेपलेली डिकी हे रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिसतं. गाडी ठेवायची की काढायची ते त्यावरून ठरत नाही. धक्का कुठपर्यंत गेला ते स्टेपनीखालचा पत्रा सांगतो.

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गोरेगावात नव्या गाडीचं डेंटिंग फारसं येत नाही. ती विम्यावर असते, हिंगोलीला नाहीतर नांदेडला जाते. आमच्या वाट्याला येतात मारुती ८००, जुनी अल्टो, इंडिका. ८०० बनायची २०१४ च्या जानेवारीत बंद झाली, म्हणजे तिच्यातली सगळ्यात धाकटीही आता जुन्यातच जमा. काही गाड्यांवर अजून परभणीचा एमएच २२ दिसतो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला. यातली एखादी जिल्ह्यापेक्षा वयानं मोठी असते.

सोयाबीन निघतं तेव्हा आणि पुढं हळदीच्या दिवसांत हे काम वाढतं. भरलेल्या ट्रॉलीला बहुतेक वेळा स्वतःचा ब्रेक नसतो. ड्रायव्हर ट्रॅक्टरचा ब्रेक दाबतो, ट्रॉली मागून रेटतच राहते आणि ट्रॅक्टरचं नाक पुढच्या अल्टोच्या डिकीत जातं. मग चार माणसं जमतात, दोन्हीकडचे ओळखीचे निघतात आणि बंपरकडं बघून दोन-तीन हजारांत जागेवर मिटतं. मिटवावं, त्याला माझी ना नाही. कोर्टकचेरी कुणाला हवी? पण आकडा बोलायच्या आधी डिकी उघडून चटई तरी उचला. ठोकणाऱ्याच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या गाडीचं नुकसानही येतं, हे त्या गर्दीत कुणी बोलत नाही.

बोलेरोला खाली वेगळी चेसिस असते; वरचा पत्रा चेपला तरी सांगाडा बऱ्याचदा शाबूत राहतो. ८०० किंवा अल्टोला तसं नाही. तिथं पत्र्याची पेटी हीच चेसिस. धक्का बॅक पॅनलवरून डिकीच्या फ्लोअरला, तिथून खालच्या दोन लांब मेंबरना आणि पुढं चाकाच्या कमानीला पोचतो. म्हणून मी मागं बघण्याआधी बाजूनं बघतो. मागच्या दरवाजाची फट वरपासून खालपर्यंत सारखी पाहिजे. वर बोट जातं आणि खाली नखही जात नाही, असं झालं की समजायचं, पेटी हलली. मग टेप घेऊन डिकीच्या तोंडाचे दोन्ही कर्ण मोजतो. दोन्ही सारखे आले तर चौकट जागेवर आहे. फरक आला तर ओढावं लागणार. मागच्या काचेच्या कोपऱ्याशी छपराला सुरकुती पडली असेल तर मी बोलणं आखडतं घेतो. शेवटी ओल्या मातीवरून गाडी सरळ चालवायला लावतो. मागची चाकं एका अंगाला सरकून माग काढत असतील तर एक्सलची जागा गेली.

एवढं करूनही खरा निकाल गंज देतो. स्टेपनीच्या खळग्यात पावसाचं पाणी साचतं, वर खताच्या गोण्या वाहिलेल्या. मी पेचकस घेऊन टोचतो. टण् वाजलं तर काम निघतं. पेचकस आत गेला तर ओढायला गेल्यावर तो पत्रा भिजल्या पापडासारखा फाटणार, आणि सडक्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही. गॅसची आच लागली की आतला लेप जळतो आणि चार पावसाळ्यांत गंज दुप्पट जोमानं येतो. तसल्या जागी पुट्टी भरून रंग मारून देणारे आहेत. घेणाऱ्यानं खिशात लोहचुंबक ठेवावं. जाड पुट्टीवर ते चिकटत नाही.

डिकीत सीएनजीची टाकी असेल आणि मार तिथवर गेला असेल तर पत्र्याची गोष्टच नको. आधी टाकी तपासून आणा.

आता पैशाचं. लोक गाडीच्या बाजारभावाशी खर्च ताडून बघतात. समजा गाडी ८० हजारांची आणि काम २५ हजारांचं. "एवढे घालायचे व्हय?" पण ही विकून जी घ्याल तीही जुनीच, आणि तिच्या स्टेपनीखाली काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. आपल्या गाडीचं इंजिन, तिचे आजार आपल्याला माहीत असतात, त्याची किंमत बाजार लावत नाही. उलट बाजूही मांडा. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आलं. त्याची फी २०२२ च्या एप्रिलमध्येच ६०० वरून ५,००० झाली होती. पूर्ण विमा असला तरी दहा वर्षांपुढच्या गाडीला लोखंडी पार्टची घसारा कापून निम्मीच रक्कम मिळते, आणि दुरुस्ती घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेली तर कंपनी गाडी टोटल लॉस धरते.

चौकट शाबूत असली तर मी मधला मार्ग सुचवतो. डिकी नीट बंद व्हावी, पाणी आत येऊ नये, दोन्ही दिवे लागावेत, मागचा दरवाजा सुखानं उघडावा, एवढंच करा. बंपर जुना चालेल. उन्हानं विटलेल्या गाडीचा रंग जुळवायला गेलं तर एका पॅनलचं काम अख्ख्या बाजूवर जातं. जुनी गाडी उभी करावी, नटवू नये. पोरांना हे आवडत नाही, बापाला लगेच पटतं.

मेंबर वाकला आणि फ्लोअर सडला, दोन्ही एकदम, तर मी काम घेत नाही. गिऱ्हाईक दुसरीकडं जातं, जाऊ दे. उद्या त्याच गाडीत मागच्या सीटवर कुणाची तरी आई हिंगोलीच्या दवाखान्यात जायला बसणार असते.

अशी गाडी भंगारात घालणार असाल तर पैसे घेऊन मोकळे होऊ नका. गाडी कायमची निकामी झाल्याचं १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी रद्द करून घ्यायची असते. ते केलं नाही तर कागदोपत्री मालक तुम्हीच राहता.