चार चमचे पाण्याचा संसार

पेरूमध्ये अँडीजचे डोंगर उतरत उतरत अ‍ॅमेझॉनच्या रानाला मिळतात. तिथे तारापोतो शहराच्या आसपासच्या ओल्या जंगलात नखाएवढा एक बेडूक राहतो : रॅनिटोमेया इमिटेटर. १९८६ साली राइनर शुल्टे यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. एका खोऱ्यात त्याच्या अंगावर काळे ठिपके, तर दुसऱ्या खोऱ्यात नारिंगी-काळे पट्टे. शेजारी जो विषारी भाऊबंद, त्याचाच वेश हा घेतो. विष याच्याही कातडीत असतंच. मुंग्या आणि सूक्ष्म माइट खाऊन साठवलेलं.

मला मात्र ओढ लागते ती त्याच्या संसाराची. पानावर घातलेल्या अंड्यांतून पिल्लं निघाली की नर एकेका बेडूकमाशाला पाठीवर घेतो आणि डिफनबेकियाच्या देठापाशी साचलेल्या पाण्यात नेऊन सोडतो. आपण हौसेनं कुंडीत लावतो तेच, अळूच्या कुळातलं झाड. पाणी जेमतेम चार-पाच चमचे. त्यात पिल्लाचं पोट भरेल असं फारसं काही नसतं. मग नर मादीला साद घालतो. त्याच्या मागोमाग ती येते, पाण्यात उतरते. पिल्लू तिच्या अंगाला लागून थरथरत राहतं आणि ती एक अफलित अंडं त्याच्यापुढे टाकते. तेच त्याचं जेवण.

याच रानातल्या रॅनिटोमेया व्हॅरिअ‍ॅबिलिसची पिल्लं मोठ्या डबक्यांत वाढतात. तिथे खायला पुरेसं असतं, म्हणून एकट्या बापानं भागतं. जेसन ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या दोघांची तुलना मांडली. इमिटेटरच्या जनुकांची तपासणी केली, तेव्हा १२ पैकी ११ कुटुंबांत नर-मादी एकमेकांशी एकनिष्ठ निघाले. उभयचरांमध्ये अशी निष्ठा तोवर कुणी सिद्ध केली नव्हती.

निष्ठा म्हटलं की आपण मनाच्या थोरवीकडे पाहतो. इथे ती चार चमचे पाण्यातल्या अन्नाच्या तुटवड्यातून आली, म्हणून मला ती उणी वाटत नाही. उलट जास्त खरी वाटते. एकट्याला पेलत नाही, म्हणून दोघं टिकून राहतात. बहुतेक घरं अशीच उभी राहिलेली असतात. आणि म्हणूनच रस्त्यासाठी, कॉफीसाठी तिथलं रान तोडलं जातं, तेव्हा नुसती झाडं जात नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या दोघांना एकत्र ठेवणारं कारणही जातं.