खर्च कोणाच्या नावे?

आमचे घर सोलापुरात आहे आणि आमचा व्यवसाय टॉवेलचा आहे. या दोन गोष्टी आरंभीच सांगण्याचे कारण असे, की पुढील सारी हकीकत या दोहोंतूनच उद्भवलेली आहे. सोलापूर म्हणजे उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढणारे आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणारे गाव. आणि टॉवेलचा व्यापारी म्हणजे कोणतेही कापड हाती आले, की आधी त्याचा धागा चिमटीत धरून ओढून पाहणारा माणूस.

घरापुढे ४० फूट लांब आणि १५ फूट रुंद असे अंगण आहे. वीस वर्षांपूर्वी घर बांधले, तेव्हा मी हौसेने तेथे हिरवळ लावली. हौस माझी होती; तिला पाणी घालण्याचे काम मात्र सौभाग्यवतीकडे आले. आईने त्या हिरवळीवर कधी पाऊल ठेवले नाही. हिरव्या गवतावर चालायचे नाही, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. चातुर्मासापुरताच नव्हे, बाराही महिन्यांचा. अंगणाच्या कडेने दीड फूट रुंदीची शहाबादी फरशी आहे. फाटकाशी सरळ जायला पंधरा-वीस पावले पुरली असती. आई फरशीवरून वळसा घालून त्याच्या दुप्पट पावले चालत असे. चालताना तिची नजर चार हात पुढच्या जमिनीवर असे. हे आम्ही इतकी वर्षे पाहत होतो, की पाहिनासे झालो होतो.

२०२२ च्या मार्च महिन्यात हिरवळ अर्धीअधिक पिवळी पडली. पिण्याच्या पाण्यासाठी टँकर मागवायचा आणि त्यातलेच पाणी गवताला घालायचे, हे मनाला पटेना. तेव्हा चिरंजीवांनी सुचवले, “पप्पा, कृत्रिम गवत घालू या. पाणी नको, कापणी नको, औषधाची फवारणी नको. कोणत्याही जिवाला त्रास नाही. आणि आजीलाही अंगणात चालता येईल.”

शेवटचे वाक्य मला फार आवडले. मी लगेच आईकडे गेलो. तिने सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “जुनं गवत उपसताना जे जाईल, त्याचं काय?”

“ते एकदाच होईल,” मी म्हणालो. “पुढे कायमची सुटका.”

ती काही बोलली नाही. तिच्या मौनालाच मी होकार समजलो. पेढीवर अशी चूक मी कधी केली नसती. समोरच्याने स्पष्ट ‘हो’ म्हटल्याखेरीज मी कोणताही सौदा वहीत चढवत नाही.

नमुने घेऊन माणूस घरी आला, तेव्हा मात्र माझ्यातला व्यापारी जागा झाला. कृत्रिम गवत हे टॉवेलचेच दूरचे भावंड आहे. टॉवेलला जसे उभे फासे असतात, तशी याची पाती. फरक इतकाच, की टॉवेलचे फासे विणतानाच मागावर पडतात, तर ही पाती गालिच्याप्रमाणे तयार अस्तरातून सुईने ओवून वर काढलेली असतात आणि खालून त्यांना लॅटेक्सचा लेप देऊन पक्के केलेले असते. पाते पॉलिएथिलीनचे, अस्तर पॉलिप्रॉपिलीनचे. मी पाती ओढून पाहिली, मागचा लेप नखाने खरवडून पाहिला, वजन विचारले आणि ३५ मिलिमीटर उंचीचा माल पसंत केला. माल खरोखरच चांगला होता. पुढे जे झाले, त्याचा दोष मालाला देता येणार नाही.

दोन दिवसांत काम झाले. मजुरांनी जुनी हिरवळ मुळांसकट उपसली. त्यावर खडीचा आणि दगडाच्या कचेचा तीन इंची थर पसरून रोलरने दाबला व गटाराच्या बाजूला किंचित उतार दिला. त्यावर तण उगवू नये म्हणून एक दाट कापड अंथरले. दोन मीटर रुंदीचे पट्टे सगळ्यांची पाती एकाच दिशेला येतील असे मांडले, सांध्याखाली पट्टी व गोंद लावून जोडले, कडेने खिळे ठोकले आणि शेवटी बारीक वाळू पसरून झाडूने ती पात्यांच्या मुळाशी बसवली. उपसलेल्या मातीची दोन घमेली फाटकापाशी होती. त्यांत वळवळणारी गांडुळे मी पाहिली आणि दुसरीकडे पाहू लागलो.

अंगण मात्र देखणे दिसू लागले. येणारा-जाणारा थबकून पाही. पाहुणे विचारत, आणि मी प्रत्येकाला एकच उत्तर देई, “आईसाठी केलं. तिला हिरवळीवर चालता येत नव्हतं ना!” ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत कौतुक दिसे. मला ते आवडे.

पहिल्या संध्याकाळी मी आईचा हात धरून तिला त्यावर नेले. ती दोन फेऱ्या चालली. “मऊ आहे,” म्हणाली. नंतर माझे लक्ष दुकानात गुंतले. पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी पाहतो, तर आई पुन्हा फरशीवरूनच वळसा घालून चालली आहे. मी जरा नाराजीनेच विचारले, “आई, आता कशाला? हे गवत थोडंच सजीव आहे?”

ती म्हणाली, “गवत नाही रे सजीव. पण त्यात काय शिरलंय, ते मला दिसत नाही. फरशीवर मुंगी दिसते.”

मी खाली वाकून बोटांनी पाती बाजूला केली. कोणाच्या तरी हातून सांडलेल्या खाऊच्या कणांमागे मुंग्यांची रांग त्या वाळूतून चालली होती. वरून काहीच दिसत नव्हते.

एप्रिलच्या अखेरीस दुसरा प्रसंग घडला. चार वर्षांची नात भर दुपारी चेंडू आणायला अनवाणी अंगणात धावली आणि मध्यावर पोहोचून किंचाळली. मी चप्पल न घालताच धावलो. म्हणून तिला काय झाले, हे मला सांगावे लागले नाही. तिच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. दुसऱ्या दिवशी रंगखान्यात वापरतो ते उष्णता मोजण्याचे यंत्र आणून दुपारी दोन वाजता मोजले. कडुलिंबाच्या सावलीतली माती ३७ अंश, उन्हातली फरशी ५४ आणि कृत्रिम गवत ६६. खरे गवत पात्यांतून सतत पाण्याची वाफ सोडते आणि त्या योगे स्वतःला व भोवतालच्या हवेला थंड ठेवते. प्लॅस्टिकच्या पात्याजवळ सोडण्यासारखे काहीच नसते. ते फक्त तापते. मग रोज चारला त्यावर पाणी शिंपडणे सुरू झाले. शिंपडलेले पाणी थोड्याच वेळात उडून जाई आणि चटई पुन्हा तापे. ज्या पाण्याच्या बचतीसाठी एवढा खटाटोप केला, ते पाणी पुन्हा अंगणातच जाऊ लागले.

त्या दिवसांत मी या वस्तूचा इतिहास वाचला. अमेरिकेत ह्यूस्टन येथे १९६५ मध्ये छप्पर असलेले एक प्रचंड क्रीडागृह उभे राहिले. छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या उजेडाने खेळाडूंचे डोळे दिपत. म्हणून तावदाने रंगवली, आणि ऊन न मिळाल्याने आतले गवत मेले. त्या जागी १९६६ मध्ये कृत्रिम गवत अंथरले गेले आणि ते जगप्रसिद्ध झाले. पुढे दहाच वर्षांत, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये, हॉकीही त्यावर खेळली गेली. त्या बदलाची झळ आपल्या हॉकीला किती लागली, हे जुन्या लोकांना आठवत असेल. मला मात्र पहिली गोष्टच लागली. जेथे ऊन पोहोचत नाही, अशा जागेने ज्या वस्तूला नाव मिळवून दिले, ती मी सोलापूरच्या उन्हात नेऊन अंथरली होती.

पावसाळा आला. पूर्वी पहिल्या सरींनंतर हुदहुद पक्षी हिरवळीवर उतरे आणि आपली लांब, बाकदार चोच मातीत खुपसत हिंडे. आई ओट्यावरून त्याला पाहत बसे. त्या वर्षी तो आला, दोनदा चोच मारून पाहिली आणि उडून गेला. पुन्हा दिसला नाही. जमिनीत पाणी मुरले, की गांडुळे वर येतात. कडेच्या मातीतून ती रात्री निघत, चटईवर चढत आणि सकाळी परत मातीत शिरू पाहत. पण खाली कापड आणि दाबलेली कच. ऊन पडले, की त्यांच्या वाळलेल्या काड्या होत. आई रोज पहाटे कागदाच्या तुकड्यावर एकेकाला अलगद उचलून कुंडीतल्या मातीत सोडत असे. तिला वाकताना कष्ट होत. हे मला कितीतरी दिवसांनी सौभाग्यवतीने सांगितले.

त्या वर्षी पर्युषणानंतर क्षमावाणीच्या दिवशी मी आईच्या पाया पडलो. वर्षभरात कळत-नकळत काही चुकले असेल तर क्षमा कर, हे ठरलेले शब्द मी बोललो. ती हसली आणि म्हणाली, “बाकी सगळं ठीक आहे, बाळ. अंगणाचा खर्च तेवढा तू माझ्या नावे टाकलास.”

मी काही बोलू शकलो नाही. साठ वर्षांचा मी. खतावणी वाचण्यात हयात गेली. आणि माझ्याच घरची खोटी नोंद माझ्या निरक्षर आईने वाचून दाखवली होती. टँकरची कटकट मला नको होती. माळी ठेवणे मला नको होते. देखणे अंगण मला हवे होते. आणि हे सारे मी तिच्या नेमाच्या खात्यावर खर्ची टाकले होते. एकेंद्रिय गवताला वाचवतो म्हणालो आणि त्यापायी द्वींद्रिय गांडूळ, त्रींद्रिय मुंगी चटईखाली आणि चटईवर मरत राहिली. ती मला दिसत नव्हती, म्हणून मी निश्चिंत होतो. आपल्याकडे हिंसेचा विचार प्रमादापासून सुरू होतो. न पाहणे हाच प्रमाद. आणि मी तर न पाहण्याची सोय पैसे मोजून विकत घेतली होती. आईचा नेम गवत टाळण्याचा नव्हताच. तो पाहून पाऊल टाकण्याचा होता.

दिवाळीनंतर आम्ही चटई काढली. सगळी नाही. पोर्चच्या छपराखाली, काँक्रीटच्या जमिनीवर, सुमारे १२० चौरस फूट ठेवली. तेथे ऊन येत नाही, खाली माती नाही, आणि रोज सकाळी मऊ कुंच्याने ती झाडता येते. नात तेथे खेळते. उरलेल्या अंगणातील खडी व कच काढून मोकळी माती टाकली, मधून चालण्यापुरत्या फरश्या बसवल्या आणि कडेने तुळस, मोगरा, कोरफड लावली. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी त्यांना पुरते. पावसात फरश्यांच्या मध्ये आपोआप गवत उगवते, उन्हाळ्यात वाळून जाते. त्यावर आम्ही कोणी चालत नाही आणि ते उपटतही नाही. मागच्या पावसाळ्यात हुदहुद पुन्हा आला.

या मासिकाच्या वाचकांपैकी कोणी कृत्रिम गवताचा विचार करीत असेल, तर मी त्याला नाही म्हणणार नाही. सज्जा, गच्चीवरचा सावलीचा कोपरा, छपराखालची फरशी, येथे ते उपयोगी आहे. मात्र मोकळ्या मातीवर आणि भर उन्हात ते घालण्यापूर्वी थांबावे. नमुन्याचा तुकडा आणून वैशाखातल्या दुपारी अंगणात ठेवावा आणि त्यावर पाच क्षण उलटा तळहात टेकवून पाहावा. वाळूऐवजी रबराचे कण भरण्याचा आग्रह कोणी केला, तर तो नाकारावा. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार असे प्लॅस्टिक व रबराचे कण २०३१ पासून तेथे विकता येणार नाहीत, कारण ते माती-पाण्यात मिसळतात आणि पुन्हा वेचता येत नाहीत. पातीही उन्हाने झडतात. आमच्या गटाराच्या जाळीत हिरव्या धाग्यांचा पुंजका मी स्वतः काढला आहे.

काढलेल्या चटईचे काही तुकडे दुकानाच्या दाराशी पायपुसणे म्हणून गेले, काही टेंपोच्या हौद्यात गठ्ठ्यांखाली अंथरले. उरलेल्या गुंडाळ्या गोदामात उभ्या आहेत. भंगारवाला त्या घेत नाही. पाते एका जातीचे, अस्तर दुसऱ्या जातीचे आणि मधे लेप, त्यामुळे वितळवून त्यातून काही होत नाही, असे तो म्हणतो. दर वर्षी मालाची मोजदाद करताना मुनीमजी विचारतात, “हे कोणाच्या नावे लिहू?”

मी सांगतो, “माझ्या.”