काटाकाटीच्या आधी

बीजगणितातलं माझं सर्वांत लाडकं उदाहरण शाळेतलंच आहे: १/(क्ष+१) + २/(क्ष²−१). दुसऱ्या छेदाचे अवयव पाडले की (क्ष+१)(क्ष−१) मिळतात आणि तोच लसावि ठरतो. अंशात क्ष−१ आणि २ मिळून क्ष+१ होतो, तो खालच्या क्ष+१ शी कटतो, उरतं १/(क्ष−१). क्ष ३ घ्या. पाव अधिक पाव, अर्धा, उत्तरही अर्धाच. पण क्ष उणे १ घेतला तर मूळचे दोन्ही छेद शून्य होतात, बेरीज मांडताच येत नाही. उत्तर मात्र बेधडक उणे अर्धा सांगतं! म्हणून आमचे सर अवयव पडल्याबरोबर, काटाकाटीच्या आधी, समासात लिहायला लावायचे: क्ष ≠ १, क्ष ≠ −१. मागाहून लिहिलेली अट त्यांना चालत नसे.

त्या ओळीचं वजन कळलं ते इंजिनिअरिंगला, कंट्रोल सिस्टिम्स शिकताना. तिथे यंत्रणेचं वागणं अशाच अपूर्णांकानं मांडतात, फक्त क्षच्या जागी एस; त्याला ट्रान्सफर फंक्शन म्हणतात. दोन यंत्रणा समांतर जोडल्या की अपूर्णांकांची बेरीज. छेद जिथे शून्य होतो तो पोल, आणि तो धन निघाला तर यंत्रणा अस्थिर. वर-खाली (एस−१) आला आणि काटला, की कागदावर यंत्रणा स्थिर दिसते. आत मात्र एखादी राशी दर क्षणाला फुगतच राहते आणि बाहेर मोजणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. नोकरीत कुणी आटोपशीर ट्रान्सफर फंक्शन पुढे ठेवलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला: यात काय काय काटलंय?

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, शून्याच्याच काटाकाटीचं एक विलक्षण उदाहरण आहे. एका संख्येला शून्यानं गुणलं, आलेल्यात त्याचंच अर्ध मिळवलं, तिप्पट केली, शून्यानं भागलं, ६३ आले. संख्या कोणती? उत्तर १४. आजच्या नियमानं ही मांडणीच बाद, शून्यानं शून्य काटता येत नाही. पण आचार्यांची सूचना अशी, की पुढचं गणित बाकी असेल तर गुणाकाराचं लगेच शून्य करू नये, ‘शून्यानं गुणलेली राशी’ म्हणूनच ती ध्यानात ठेवावी. सीमेची कल्पना रुजायच्या कित्येक शतकं आधीची ही जाग मला फार थोर वाटते.

हल्ली मुलांना शिकवताना मी हे उदाहरण देतो आणि हरकत कुठे घ्यायची ते त्यांनाच शोधायला लावतो. बहुतेक जण भागाकारापाशी थांबतात. एखादी मुलगी त्याआधी, गुणाकारापाशीच थांबते आणि म्हणते, इथेच तर १४ पुसले गेले.