बाई, तोफ ढकलत वर का नाही आणली?

मुलांनो, साताऱ्याला गेलात की मान वर करा. गावाच्या डोक्यावर आडवा पसरलेला डोंगर दिसेल, तोच अजिंक्यतारा. आता वरपर्यंत गाडी जाते; पण मी माझ्या चौथीच्या वर्गाला मुद्दाम चालत नेलं. दरवाज्याशी पोचेपर्यंत निम्म्या बाटल्या रिकाम्या! तिथे बसल्यावर एकानं विचारलं, "बाई, तोफेला चाकं असतात ना? मग औरंगजेबानं ती ढकलत वर का नाही आणली?"

प्रश्न मोठा नामी होता. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबानं या किल्ल्याला वेढा घातला. त्याची छावणी पडली करंजे गावी. पश्चिमेला त्याचा मुलगा आझमशहा होता. त्याच्यामुळेच तिथल्या गावाला शहापूर नाव पडलं, असं ग्रँट डफ हा स्कॉटिश इतिहासकार सांगतो. मोठमोठ्या तोफा गाड्यावर चढवून बैलांनी ओढायच्या, अडल्या की हत्तीनं मागून रेटा द्यायचा, अशी त्या काळची रीत. सपाटीवर ते जमे. चढावर काय होतं, ते घरी करून बघा.

एका फळीवर दोन खिळे ठोका. त्यांना रबर अडकवा, मागे ताणून दोऱ्यानं बांधा आणि रबरापुढे खोडरबर ठेवा. फळी चार गोल पेन्सिलींवर ठेवून दोरा कात्रीनं कापा. (समोर कुणी उभं नको हं!) खोडरबर पुढे उडेल आणि फळी मागे पळेल. फळीवर वीट ठेवलीत तर ती जेमतेम हलेल. तोफेचंही असंच. गोळा पुढे, गाडा मागे. मागे उतार असला तर गाडा थेट गोलंदाजांच्याच अंगावर! म्हणून आधी सपाट जागा खणायची, मातीदगडांचा दमदमा रचायचा, मग तोफ चढवायची.

एवढं करूनही किल्ला पडेना. तेव्हा मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. एप्रिल १७०० मध्ये ते उडवले. पहिल्यानं तटाचा भाग आत कोसळला. किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले! दुसरा सुरुंग मात्र बाहेरच्या बाजूला फुटला. खाली हल्ल्यासाठी दबा धरून बसलेले सुमारे दोन हजार मोगल सैनिक त्या दगडांखाली मेले. माझी मुलं हे ऐकताना टाळ्या वाजवणार होती, पण एक मुलगी हळूच म्हणाली, "त्यांचीपण आई असेल ना?" टाळ्या राहूनच गेल्या. पुढे राजाराम महाराज गेल्याची बातमी आली, गडावरचं धान्यही सरत आलं होतं. त्याच महिन्यात किल्ला मोगलांच्या हाती गेला.

मग एसटीनं कराडमार्गे सांगलीकडे निघा. डोंगर मागे पडतात, उसाचं सपाट रान लागतं. इथे चाकं धावणार, असं वाटतं ना? पण पावसाळ्यात त्या काळ्या मातीत रिकामी बैलगाडीसुद्धा रुतते. मग मणामणांची तोफ कशी निघावी! सांगलीजवळच्या मिरजेला भुईकोट होता. डोंगर नाही, म्हणून भोवती खंदक. खंदक आला की चाक थांबलंच. शाहू महाराजांनी १७३९ मध्ये मिरज घेतली, तीही बऱ्याच काळच्या मोहिमेनंतर.

जड तोफ हलत नाही, तर हलकी करावी, ही युक्ती जुनीच. रोममधल्या ट्राजन सम्राटाच्या स्तंभावर खेचरं जोडलेल्या गाड्यावर मोठं बाणयंत्र कोरलेलं आहे. आपल्याकडे उंटाच्या पाठीवर छोटी फिरती तोफ बसवत. तिला जंबुरा म्हणत. पानिपतावर १७६१ मध्ये अब्दालीच्या अशा उंटांनी मराठ्यांची फार हानी केली. पण पळत्या उंटावरून नेम कसा लागणार? धावत्या एसटीतून बाजूच्या झाडावर चेंडू मारलात, तर तो झाडाच्या पुढे जाईल, कारण एसटीचा वेग त्यालाही मिळालेला असतो. (कंडक्टरकाका रागावतील, म्हणून मनातच मारा.) शिवाय उंटाचे हिसके वेगळेच! म्हणून बहुधा आधी उंट गुडघ्यांवर बसवायचा, मग बत्ती द्यायची.

आमच्या वर्गात फळीचा प्रयोग झाला, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्यानंच फळी पुस्तकांच्या उतारावर ठेवून पाहिली. दोरा कापला, आणि फळी घसरत थेट माझ्या चहाच्या कपावर!