खिडकीतली पांढरी माशी

कपाशीवरची पांढरी माशी अकोला जिल्ह्यात वाढलेल्या मुलाला कुणी दाखवावी लागत नाही. पण अमरावतीच्या भाड्याच्या खोलीत, खिडकीतल्या जास्वंदीवर तिची भेट होईल असे वाटले नव्हते. तसे नवल नाही. जास्वंद कपाशीच्याच कुळातली. पाहुणी ओळखीच्या घरी उतरली, इतकेच!

शेजारच्या मनीप्लँटभोवती मात्र काळी चिलटे होती. दोन्ही उडतात म्हणून दोन्ही एक नव्हेत. पान हलवताच खालून पांढरा भुगा उडाला तर ती पांढरी माशी. ती पानाचा रस शोषते. तिच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते. चिलटे ओल्या मातीतून निघतात. त्यांच्या अळ्या मातीतली बुरशी आणि कोवळी मुळे खातात. त्यांवर पहिला उपाय म्हणजे वरची माती सुकेपर्यंत पाणी न घालणे.

सुट्टीत गावी हे सांगताच काकांनी फवारणीची बाटली पुढे केली. आई आडवी आली, "घरात जहर नाही पाह्यजे मले!" २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. उघड्या रानात ज्याने माणसे गेली, ते बंद खोलीत काय करील?

मग पानांची खालची बाजू साबणाच्या पाण्याने पुसली, निंबोळी अर्क शिंपडला, पिवळ्या पत्र्याला एरंडेल फासून कुंडीत खोचला. पिवळा रंग दोघांनाही भुलवतो. माशी संपली नाही, कमी झाली. आणि जास्वंदीला कळ्या आल्या. खोलीत निर्धास्त झोपता येते, हे त्याहून मोठे.