खाटेजवळचा समुद्र



शेतकऱ्याच्या घरात मासे पाळायच्या काचेच्या पेटीचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटले असते. पण आमच्या घरात अशी एक पेटी गेली काही वर्षे आहे, आणि तिच्यात विहिरीचे नव्हे, समुद्राचे पाणी आहे. तिची गाळणी मी स्वतःच्या हातांनी केली. त्या गाळणीने मला माझ्याच शेतातली एक गोष्ट नव्याने शिकवली, म्हणून हे लिहायला बसलो.

आमचे गाव दापोली तालुक्यात, किनाऱ्याला लागून. थोडी भातशेती, थोडी नारळ-सुपारीची वाडी. २०१८ च्या जुलैत, लावणी ऐन रंगात असताना, आमची मंडळी चिखलातच कोसळली. उजव्या अंगावरून वारे गेले. इस्पितळातून घरी आणली तेव्हा उजवा हात लुळा आणि बोलणे जवळजवळ बंद. शब्द ओठापर्यंत येई आणि तिथेच अडे.

ही बाई म्हणजे ओहोटी लागली की कोयती नि टोपली घेऊन खडपावर पळणारी. कालवे कुठे धरली, तिसऱ्या कुठे मिळतील, हे तिला समुद्राकडे नुसते बघून कळे. ती आता खाटेवर पडून कौले मोजत होती. लाटांचा आवाज घरात ऐकू येतो, पण समुद्र दिसत नाही. आवाज आला की ती भिंतीकडे तोंड फिरवी.

लग्नानंतर १९८४ साली आम्ही मुंबईला गेलो होतो. तिथे मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय पाहिले. ही एकेका काचेपुढून हलायला तयार नव्हती. ती आठवण झाली आणि मनात आले, तिला समुद्रावर नेता येत नाही, तर ओंजळभर समुद्र घरात आणावा.

२०१९ च्या जानेवारीत दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची पेटी करून घेतली. पन्नास लिटर समुद्राचे पाणी भरले. खडपातल्या डबक्यातले बोटभर लांबीचे चार मासे सोडले. ती दिवसभर बघत राहिली. संध्याकाळी डाव्या हाताने एका माशाकडे बोट केले आणि हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी सकाळी चारही मासे उलटे तरंगत होते. माझ्या आधी ते तिने पाहिले होते. पुन्हा तोंड भिंतीकडे. त्या दिवशी तिने पेजसुद्धा घेतली नाही. मला वाटले, मी औषध म्हणून विष आणले.

आमच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारे एक मास्तर आहेत. त्यांना बोलावले. त्यांनी विचारले, “काका, पावसाळ्यात बंद गोठ्यात सकाळी शिरलात की नाकाला काय झोंबतं?”

“गोमूत्राचा वास.”

“तो अमोनिया. मासा पाण्यात तेच सोडतो. उरलेलं अन्न कुजलं की तेच होतं. तुमचे मासे स्वतःच्याच गोठ्यात गुदमरले. समुद्राचं पाणी अल्कधर्मी, त्यात अमोनिया जास्त जाळतो.”

मग त्यांनी जे सांगितले ते मंडळी, आपल्या सर्वांच्या कामाचे आहे. जमिनीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. त्यातले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि आपली पिके नत्र घेतात त्यात या नायट्रेटचा मोठा वाटा असतो. शेणखत घातले की ते लगेच लागू पडत नाही, ते याचमुळे. आधी हे जिवाणू राबतात, मग पीक जेवते. माशांच्या पेटीतही हेच जिवाणू लागतात. मी गाळणी म्हणजे चहाच्या गाळणीसारखी कचरा अडवणारी वस्तू समजत होतो. खरी गाळणी म्हणजे जिवाणूंना राहायला घर. तिला चाळण म्हणण्यापेक्षा माती म्हणावे.

ती मी अशी केली. एक इंच जाडीच्या पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा घेतला. खालच्या चार इंचांत खिळा तापवून भोके पाडली आणि बूड बुचाने बंद केले. भोकांवर कोरा स्पंज दोऱ्याने घट्ट बांधला. भांडी घासण्याचा औषध लावलेला स्पंज चालत नाही. बूड जड व्हावे म्हणून खाली दगड बांधला. हवेच्या लहान पंपाची नळी वरून आत सोडून तळापर्यंत नेली. पंप चालू केला की पाइपमधून बुडबुडे वर चढतात. बुडबुड्यांनी आतले पाणी हलके होऊन वर सरकते आणि त्याच्या जागी बाहेरचे पाणी स्पंजातून आत ओढले जाते. स्पंजाच्या प्रत्येक छिद्रात जिवाणूंची वस्ती होते. पाणी त्यांच्या दारावरून जाते, त्यातला अमोनिया ते खातात आणि वाहत्या पाण्यातला प्राणवायू घेतात. खर्च पंपाचा काय तो, बाकी सगळे घरातलेच होते.

हे करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा, नाही तर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे पंपात येते. आणि वायर प्लगच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवा, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगात न जाता खाली टपकेल. पेटीत हात घालण्याआधी बटन बंद करा. खाऱ्या पाण्याशी आणि विजेशी खेळ नको.

गाळणी झाली, पण वस्ती व्हायला वेळ लागतो. मास्तर म्हणाले, सहा आठवडे मासा सोडायचा नाही. कोळंबीचा नखाएवढा तुकडा पाण्यात कुजत ठेवला, जिवाणूंना खाद्य म्हणून. दर आठवड्याला मास्तर बाटलीतले थेंब टाकून पाणी तपासत. आधी अमोनिया चढला, मग तो उतरला आणि नायट्राइट चढले, मग तेही उतरले. नुसत्या पाण्याच्या पेटीकडे सहा आठवडे बघत बसायचे. ही रोज माझ्याकडे प्रश्नार्थक बघे आणि मी म्हणे, “अगं, रोप रुजतंय.”

मार्चमध्ये दोन मासे आणि शंखात राहणारा एक खेकडा आणला. ते जगले.

पण खरी गंमत पुढेच झाली. स्पंज पंधरा दिवसांनी धुवावा लागतो. तो ताज्या पाण्यात धुवायचा नाही, जिवाणू मरतात. पेटीतलेच पाचवा हिस्सा पाणी घमेल्यात काढायचे, त्यात स्पंज बुडवून पिळायचा, आणि पेटीत नवे समुद्राचे पाणी घालायचे. नायट्रेट शोषायला पेटीत भात नाही, म्हणून ही पाणीबदली. हिच्या उजव्या हाताला व्यायाम म्हणून इस्पितळातल्या बाईंनी रबरी चेंडू दाबायला दिला होता, तो ही भिरकावून देई. एके दिवशी मी स्पंज पिळत असताना तिने हात पुढे केला. लुळाच हात. मी घमेले खाटेवर ठेवले. बोटे मिटेनात. डाव्या हाताने तिने उजवी बोटे स्पंजाभोवती मिटवली आणि दाबली. थोडेसे गढूळ पाणी निघाले. तेव्हापासून स्पंज तीच धुते. चमत्कार झाला असे मी सांगणार नाही. तो हात पूर्वीसारखा झाला नाही. पण वर्षभरात त्या हातात पाण्याचा पेला राहू लागला.

मग एकेक जोड वाढत गेली. कालवांच्या शिंपा उकळून, वाळवून, फोडून जाळीच्या पिशवीत भरल्या नि पेटीत ठेवल्या. आंबट जमिनीत आपण चुना घालतो ना, तसेच पाणी आंबट होऊ लागले की शिंपा थोडा थोडा चुना सोडतात. दुसरी जोड फेसाची बाटली. पावसाळ्यात किनाऱ्यावर पिवळट फेस साचतो तो तुम्ही पाहिला असेल. त्या फेसाला पाण्यातला कुजका अंश चिकटलेला असतो. उंच बाटलीत बारीक बुडबुडे सोडले की तसाच फेस तिच्या गळ्यातून वर येतो, तो वाटीत धरून फेकायचा. तिसरी जोड सलाईनचा सेट, औषधाच्या दुकानातून नवा आणलेला. पेटीतले पाणी उन्हाळ्यात दिवसाला अर्धा लिटर आटते, पण मीठ आटत नाही. म्हणून भर गोड्या पाण्याची घालायची. अर्धा लिटर विहिरीचे पाणी वर टांगायचे आणि मिनिटाला सात थेंब सोडायचे, दिवसाचा हिशेब बरोबर बसतो. विहिरीत टीसीएल पावडर टाकली असेल तर ते पाणी आधी दोन दिवस उघडे ठेवा.

एक चूक माझी, ती तुम्ही करू नका. सुपारीच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण केलेली बादली मी धुऊन पाण्याला वापरली. दुसऱ्या दिवशी खेकडा मेला. मोरचुदातले तांबे अशा जीवांना फार थोडेसुद्धा पुरते. पेटीची बादली वेगळी ठेवा, आणि तांब्या-पितळेची वस्तू पाण्याजवळ आणू नका. तसेच पोवळी आणि समुद्रघोडे आणण्याच्या फंदात पडू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

आता ३ जून २०२० चा दिवस. निसर्ग वादळ आले. दुपारी दोन-तीन तासांत आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या काडीसारख्या मोडल्या, नारळ उपटले, अर्धी कौले उडाली. तीस-चाळीस वर्षांची मेहनत आडवी झाली. वीज गेली ती सव्वीस दिवस आली नाही. टाळेबंदीमुळे मुंबईचा मुलगा येऊ शकत नव्हता.

त्या रात्री मी ओट्यावर डोक्याला हात लावून बसलो होतो. आतून हिचा आवाज आला. एकच शब्द, पण स्वच्छ. “हवा.”

मला वाटले, तिचा जीव घाबरला. धावत गेलो तर ती पेटीकडे बोट दाखवत होती. बुडबुडे बंद होते. हवा थांबली की मासे तर जातातच, स्पंजातले जिवाणूही गुदमरून मरतात.

पॉवर टिलरची जुनी ट्यूब आठवली. सायकलच्या पंपाने ती भरली. वर पाटा ठेवला. व्हॉल्व्हला सलाईनची नळी जोडली आणि तिच्या चाकाने हवा बारीक केली. बुडबुडे सुरू झाले. एक ट्यूब दोन-अडीच तास पुरे. मग पुन्हा दोनशे झटके मारायचे. खाणे टाकणे बंदच केले, म्हणजे घाण कमी. दिवसभर मी वाडीत पडलेली झाडे ओढायचो आणि रात्री मेल्यासारखा झोपायचो. बुडबुड्यांवर नजर ठेवायला ही. ते मंदावले की अंधारातून हाक येई, “अहो, हवा.” मी उठायचो. नऊ रात्री असे चालले. मग रस्ता मोकळा झाला आणि मास्तरांनी दापोलीहून सेलवर चालणारा लहान पंप आणून दिला.

दोनांपैकी एक मासा गेला, एक जगला.

त्या नऊ रात्रींत मी खचलो असतो, हे कबूल करतो. वाडीकडे पाहून हातपाय गळत होते. पण रात्री कोणीतरी हाक मारत होते, आणि हाक मारणारी ती होती, जिला आम्ही सर्वांनी दीड-दोन वर्षे “तू पडून राहा, तुला काही करायचं नाही” एवढेच सांगितले होते.

वाडीत आम्ही पुन्हा रोपे लावली. सुपारी फळाला यायला काही वर्षे लागतात, ती घाई करून होत नाही. खड्ड्यात शेणखत घालताना आता मी थांबून विचार करतो, की यात राबणारी मंडळी डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांना हवा आणि वेळ द्यावा लागतो.

तुमच्या घरी कोणी खाटेला खिळलेले असेल, तर पेटीच करा असे माझे म्हणणे नाही. पण ज्याची हाक कामाला येईल असे काहीतरी त्यांच्या हाती सोपवा. आणि कधी आमच्याकडे आलात तर स्पंज धुण्याच्या दिवशी या. घमेल्यातले खारे पाणी वाडीत ओतू नका म्हणून ही खाटेवरूनच तुम्हाला बजावील.