ढिगाच्या आत हात घाला

माझ्या भाच्याकडे जुना निन्टेन्डो डीएस आहे. त्यासाठी त्यानं ऑनलाइन एक ‘आर-फोर’ कार्ट्रिज आणि ३२ जीबीचं मेमरी कार्ड स्वस्तात मागवलं. गेम छान चालले. मग मोबाइलमध्ये जागा हवी म्हणून त्यानं गाणी, फोटो आणि नानीचे, म्हणजे माझ्या मरहूम अम्मीचे व्हिडिओही त्याच कार्डावर हलवले. फाइलींची नावं दिसतात. उघडत एकही नाही. ‘‘मामू, यंत्र बिघडलं का?’’ यंत्र ठीक होतं. कार्ड खोटं होतं.

अशा कार्डातली चिप ‘मी ३२ जीबी’ असं सांगते, आत जागा असते ८ जीबीची. ती भरली की पुढचं लिहिलेलं हरवतं किंवा जुन्यावर चढतं. तक्रार मात्र कार्ड करत नाही.

हदीसमधला एक प्रसंग मी मुलांना नेहमी सांगतो. पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला. वर कोरडं, आत ओलं. ओलं वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विक्रेत्याला विचारलं. मेमरी कार्डाची परीक्षाही अशीच घ्यायची: ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ किंवा ‘एफ-थ्री’ हा मोफत प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरतो आणि सगळं परत वाचून बघतो. नुसतं फॉरमॅट करून काही कळत नाही. आणि ही परीक्षा कार्ड कोरं असतानाच, माल परत करायची मुदत संपण्याआधी घ्यायची.

कार्ट्रिजचं दुखणं वेगळं. फुकटचे चोरीचे गेम खेळायला ती सर्रास वापरली जात, म्हणून २००९ मध्ये टोकियोत आणि २०१० मध्ये लंडनमध्ये न्यायालयांनी विक्रेत्यांविरुद्ध निकाल दिले. मूळ ‘आर-फोर’ केव्हाच बंद झालं. आज त्या नावानं मिळतात त्या नकला. काही तर ठरावीक तारखेनंतर चालेनाशा होतात. म्हणून नावाच्या स्टिकरवर भरवसा नको.

नक्कल म्हणजे फसवणूकच, असं मात्र मी म्हणणार नाही. वेरूळची लेणी बघायला येणारे पाहुणे औरंगाबादी हिमरू घेऊन जातात. हिमरूही किनखापासारखं दिसणारं कापड. जरीऐवजी सूत आणि रेशीम. पण फारसी ‘हम-रू’ म्हणजे ‘सारखं’, असं त्या नावाचं मूळ सांगतात. आपण कोण, हे ते कापड नावातच कबूल करतं. यंत्रमागाचा कपडा हातमागाचा म्हणून गळ्यात मारला, की लबाडी सुरू होते.

अम्मीचा आवाज त्या कार्डातून परत आला नाही. तुमच्याकडे असे आवाज असतील, तर आजच दोन ठिकाणी ठेवा.